सुपर बोल हवा, पण कोणाच्या पैशावर?

११ फेब्रुवारी २०२४ च्या रात्री लास व्हेगासमध्ये सुपर बोल, म्हणजे अमेरिकी फुटबॉलचा वार्षिक अंतिम सामना, झाला आणि कॅन्सस सिटी चीफ्सने सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सला जादा वेळेत २५-२२ असे हरवले. पॅट्रिक महोम्सने मेकोल हार्डमनकडे शेवटचा पास टाकला आणि टचडाउन झाला, तेव्हा जादा वेळेच्या घड्याळात तीन सेकंद उरले होते. पाच वर्षांतले हे तिसरे विजेतेपद. कॅन्सस सिटी आनंदाने वेडी झाली होती. त्यानंतर जेमतेम सात आठवड्यांनी, २ एप्रिलला, तिथल्या जॅक्सन काउंटीच्या मतदारांपुढे एक प्रश्न ठेवला गेला. चीफ्सच्या ॲरोहेड स्टेडियमची डागडुजी आणि रॉयल्स या बेसबॉल संघाचे नवे स्टेडियम, यांसाठी तीन-अष्टमांश टक्का दराचा विक्रीकर पुढची ४० वर्षे द्यायचा का? सुमारे ५८ टक्के लोकांनी ‘नाही’ असे उत्तर दिले.

या मतदारांना संघाविषयी प्रेम नव्हते असे कोणीही म्हणू शकणार नाही. फेब्रुवारीत लाल जर्सी घालून रस्त्यावर उतरलेलेच लोक एप्रिलमध्ये मतदान केंद्रावर गेले होते. संघ आमचा, विजय आमचा, पण संघाच्या मालकाची इमारत आमच्या किराणा सामानावरच्या करातून का उभी राहावी, एवढेच त्यांनी विचारले. अमेरिकी फुटबॉलच्या गेल्या काही दशकांच्या इतिहासात इतका समंजस निर्णय मला क्वचितच दिसतो. आणि म्हणूनच पुढे जे घडले त्याचे फार वाईट वाटते.

कॅन्सस सिटी हे महानगर दोन राज्यांत पसरलेले आहे. मिसुरी आणि कॅन्सस यांची सीमा वस्तीतून जाते. मिसुरीतल्या मतदारांनी नकार दिल्यावर जून २०२४ मध्ये कॅन्ससच्या विधिमंडळाने खास अधिवेशन घेऊन कायदा केला. स्टेडियमच्या खर्चाचा ७० टक्क्यांपर्यंतचा भाग पुढे मिळणाऱ्या विक्रीकरातून फेडायच्या कर्जरोख्यांतून उभा करण्याची मुभा त्यात होती. मग मिसुरीनेही २०२५ मध्ये आपला प्रस्ताव वाढवला. एकमेकांचे उद्योग पळवण्यासाठी सवलतींची खैरात करायची नाही, असा समझोता याच दोन राज्यांनी २०१९ मध्ये केला होता. अखेर डिसेंबर २०२५ मध्ये चीफ्सने सीमा ओलांडण्याचे जाहीर केले. कॅन्ससच्या वायंडॉट काउंटीत सुमारे ३ अब्ज डॉलरचे छप्पर असलेले स्टेडियम होणार, २०३१ च्या हंगामापासून संघ तिथे खेळणार आणि खर्चाचा सुमारे ६० टक्के वाटा सार्वजनिक रोख्यांतून येणार. या वेळी मतदारांना विचारण्याची गरजही पडली नाही. विधिमंडळातल्या नेत्यांच्या समितीची मंजुरी पुरली. छप्पर कशासाठी, याचे उत्तर घोषणेच्या दिवसापासून दिले जात आहे: छप्पर असले की फेब्रुवारीच्या थंडीतही सुपर बोल भरवता येईल.

सुपर बोल भरवण्याची आशा आणि संघ निघून जाण्याची भीती दाखवून शहरांकडून पैसा काढण्याची ही पद्धत बंद झाली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. सुपर बोलचा सामना मला आवडतो. त्यातली व्यूहरचना, दोन आठवड्यांची तयारी, शेवटच्या दोन मिनिटांतले घड्याळाशी चाललेले गणित, या सगळ्याची मला ओढ आहे. पण लोकप्रियतेचे माप पाहा: २०२५ मध्ये न्यू ऑर्लिन्सला फिलाडेल्फिया ईगल्सने चीफ्सला ४०-२२ असे हरवले तो सामना अमेरिकेत सरासरी १२ कोटी ७७ लाख लोकांनी पाहिला. तीस सेकंदांच्या जाहिरातीचा दर ८० लाख डॉलरपर्यंत गेला होता. इतकी मिळकत असलेल्या धंद्याला आपले कारखाने सरकारकडून बांधून घ्यावे लागतात, हे पटवून देणे कठीण आहे.

आणि हा धंदा निव्वळ खाजगी कर्तृत्वावर उभा आहे असेही नाही. १९६१ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा करून लीगला, म्हणजे एनएफएल या संघांच्या संघटनेला, सर्व संघांचे दूरचित्रवाणी हक्क एकत्र विकण्याची परवानगी दिली. एरवी ते मक्तेदारीविरोधी कायद्यात अडकले असते. १९६६ मध्ये एनएफएल आणि प्रतिस्पर्धी एएफएल या दोन लीगनी एकत्र येण्याचे ठरवले, तेव्हा पुन्हा तोच अडथळा आला. लीगचे आयुक्त पीट रोझेल यांनी लुईझियानाचे दोन वजनदार लोकप्रतिनिधी, हेल बॉग्ज आणि रसेल लाँग, यांची मदत घेतली. विलीनीकरणाला सूट देणारी तरतूद एका कर-विधेयकाला जोडली गेली आणि मंजूर झाली. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला लुईझियानातल्याच न्यू ऑर्लिन्सला नवा संघ मिळाला. पुढच्या जानेवारीत लॉस एंजेलिसमध्ये दोन्ही लीगच्या विजेत्यांचा पहिला सामना झाला, ग्रीन बे पॅकर्सने चीफ्सला ३५-१० असे हरवले. म्हणजे सुपर बोलचा पायाच मुळी जनतेच्या प्रतिनिधींनी दिलेल्या सवलतीवर घातलेला आहे. जनतेने या खेळाला एकदा मोठे देणे दिले आहे, हे विसरून पुढची मागणी होते.

मागणी कशी होते हे समजायला यजमान शहरांची यादी पुरे. डेट्रॉइटचे फोर्ड फील्ड २००२ मध्ये उघडले, सुपर बोल २००६ मध्ये आला. इंडियानापोलिस: २००८ आणि २०१२. मिनीॲपोलिस: २०१६ आणि २०१८. अटलांटा: २०१७ आणि २०१९. लास व्हेगास: २०२० आणि २०२४. नवे स्टेडियम बांधा, सामना मिळेल, हा संदेश लीगला कुठे लिहून द्यावा लागत नाही. मिनीॲपोलिसच्या स्टेडियमसाठी राज्य आणि शहर यांनी मिळून ४९ कोटी ८० लाख डॉलर दिले. लास व्हेगासच्या स्टेडियमसाठी हॉटेलच्या खोल्यांवरच्या करातून ७५ कोटी डॉलर. नॅशव्हिलमध्ये टेनेसी टायटन्सच्या नव्या स्टेडियमसाठी राज्याचे ५० कोटी आणि महानगराचे ७६ कोटी. याउलट लॉस एंजेलिसजवळचे सोफाय स्टेडियम रॅम्स संघाचे मालक स्टॅन क्रोंकी यांनी खाजगी पैशातून बांधले, तेही अब्जावधी डॉलर खर्चून. तेव्हा खाजगी पैशातून स्टेडियम होऊच शकत नाही, हा युक्तिवाद टिकत नाही.

२०१८ च्या सामन्यासाठी मिनीॲपोलिसने बोली लावली तेव्हा लीगने यजमानांपुढे ठेवलेल्या अपेक्षांचा १५३ पानांचा दस्तऐवज तिथल्या ‘स्टार ट्रिब्यून’ या वर्तमानपत्राने २०१४ मध्ये उघड केला. तिकीटविक्रीचा सगळा पैसा लीगला. पस्तीस हजार वाहनांसाठी फुकट जागा. बड्या हॉटेलांतले सर्वांत महागडे कक्ष फुकट. संघमालकांच्या गाड्यांपुढे पोलिसांचा ताफा. शहरातले जाहिरात फलक फुकट. सामन्याआधीच्या उन्हाळ्यात किंवा शरदात तीन उत्तम गोल्फ मैदाने आणि दोन बोलिंगची ठिकाणे फुकट वापरायला. लीगच्या पसंतीची कार्डे स्वीकारणारी एटीएम स्टेडियममध्ये. या मागण्यांपैकी कोणती मान्य झाली आणि कोणती नाही, याचा तपशील शहरातल्या लोकांपुढे तेव्हा ठेवला गेला नाही. माझा मुख्य आक्षेप त्या लपवाछपवीवर आहे. लीगने काहीही मागावे; मागण्याचा तिला हक्क आहे. पण ज्या शहराच्या नावाने मान डोलावली जाते, त्या शहराला ती यादी वाचण्याचा हक्क नसावा, हे लोकशाहीत बसत नाही.

एवढे देऊन शहराला काय मिळते? प्रत्येक वेळी यजमान समिती एक अहवाल जाहीर करते आणि त्यात शेकडो दशलक्ष डॉलरचा आकडा असतो. होली क्रॉस महाविद्यालयातले अर्थशास्त्रज्ञ व्हिक्टर मॅथेसन यांनी अशा अनेक दाव्यांचा अभ्यास केला आहे. जाहीर आकड्यातले दशांशचिन्ह एक घर डावीकडे सरकवा, म्हणजे खरा परिणाम हाती येईल, असे ते सांगतात. कारण साधे आहे. फेब्रुवारीत न्यू ऑर्लिन्स किंवा मायामीची हॉटेले एरवीही पर्यटकांनी भरलेली असतात; सामन्याचे पाहुणे आले की नेहमीचे पाहुणे आणि परिषदा दुसरीकडे जातात. खोलीचे भाडे तिप्पट झाले तरी खोली झाडणाऱ्या बाईचा पगार तिप्पट होत नाही. वाढलेला नफा दुसऱ्याच शहरातल्या मुख्यालयाकडे जातो. तिकिटांचे पैसे लीगकडे, सुरक्षेचा आणि साफसफाईचा मोठा बोजा शहराकडे.

ॲरिझोनातले ग्लेंडेल हे याचे बोलके उदाहरण. फीनिक्सच्या शेजारचे हे शहर. २००८, २०१५ आणि २०२३ असे तीन सुपर बोल तिथल्या स्टेडियममध्ये झाले. प्रेक्षक मात्र राहतात फीनिक्स आणि स्कॉट्सडेलच्या हॉटेलांत, जेवतातही तिकडेच. २०१५ च्या सामन्याआधी ग्लेंडेलचे महापौर जेरी वायर्स यांनी या यजमानपदात शहराला तोटाच होईल, असे उघडपणे सांगितले होते. पोलिसांच्या जादा पाळ्यांचा खर्च राज्याने भरून द्यावा अशी शहराची मागणी होती.

सामना एका दिवसाचा, पण त्याच्या नावाने बांधलेली इमारत पुढची तीस वर्षे शहराच्या हिशेबात राहते. मिशिगनमधल्या पॉन्टिॲक या कामगारवस्तीच्या शहराने लायन्स संघासाठी सिल्व्हरडोम हे स्टेडियम बांधले. १९७५ मध्ये त्याला सुमारे ५ कोटी ५७ लाख डॉलर लागले. २४ जानेवारी १९८२ ला तिथे सुपर बोल झाला, फोर्टीनाइनर्सने सिनसिनाटी बेंगॉल्सला २६-२१ असे हरवले. उत्तरेकडच्या थंड प्रदेशात भरलेला तो पहिला सुपर बोल. २००२ मध्ये डेट्रॉइट लायन्स नव्या स्टेडियममध्ये गेले. मोटारधंदा मंदावल्याने पॉन्टिॲकची स्थिती आधीच खालावली होती आणि रिकाम्या इमारतीची देखभाल परवडेना. २००९ मध्ये लिलावात तिला ५ लाख ८३ हजार डॉलर आले. बांधकामखर्चाचा जेमतेम शंभरावा भाग. २०१७ मध्ये ती पाडली. त्याच वर्षी अटलांटाचा जॉर्जिया डोमही पाडला गेला. त्याने १९९४ आणि २००० असे दोन सुपर बोल पाहिले होते आणि त्याचे वय होते फक्त पंचवीस. पंचवीस वर्षांत सार्वजनिक इमारत जुनी होते, हे शाळेच्या किंवा रुग्णालयाच्या बाबतीत कोणी ऐकूनही घेतले नसते.

सेंट लुईसचे दुखणे वेगळे. १९९५ मध्ये लोकांच्या पैशातून डोम, म्हणजे छप्पर असलेले स्टेडियम, बांधून त्या शहराने लॉस एंजेलिसचा रॅम्स संघ आणला. करारात एक कलम होते: स्टेडियम देशातल्या पहिल्या पंचवीस टक्के उत्तम स्टेडियममध्ये राहिले नाही तर संघ मोकळा. जानेवारी २००० मध्ये रॅम्स सुपर बोल जिंकले, शहर न्हाऊन निघाले. २०१६ मध्ये संघ लॉस एंजेलिसला परतला आणि डोमच्या कर्जाचे हप्ते मात्र सुरूच राहिले. शहराने दावा लावला. नोव्हेंबर २०२१ मध्ये लीग आणि संघमालकांनी ७९ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत रॅम्सने सोफायमध्ये, स्वतःच्या घरच्या मैदानावर, सुपर बोल जिंकला.

माझ्या मताविरुद्धचा सर्वांत वजनदार मुद्दा पैशांचा नाहीच. तो अभिमानाचा आहे. २०१८ मध्ये फिलाडेल्फियाने पहिला सुपर बोल जिंकला तेव्हा लाखो लोक मिरवणुकीला आले. काही जण दिवंगत वडिलांची रक्षा सोबत घेऊन आले होते. हा आनंद खरा आहे. कारखाने गेले, बाजारपेठ ओस पडली, तरी रविवारी सगळे गाव एका बाजूने ओरडते, याची किंमत कोणत्याही ताळेबंदात बसत नाही. बफेलोच्या लोकांनी १९९१ ते १९९४ असे सलग चार सुपर बोल हरताना पाहिले आणि तरीही त्यांची निष्ठा ढळली नाही. ज्यांना हे भाबडेपण वाटते त्यांच्याशी मी सहमत नाही. पण नेमके याच निष्ठेवर बोट ठेवून सौदा केला जातो. बफेलोच्या नव्या स्टेडियमसाठी न्यूयॉर्क राज्याने ६० कोटी आणि एरी काउंटीने २५ कोटी डॉलर दिले. त्या स्टेडियमला छप्पर नाही, म्हणून तिथे सुपर बोलचे गाजरही दाखवता आले नाही. संघ जाईल ही भीतीच पुरेशी ठरली. लोकांचे प्रेम जितके खरे, तितकी ही भीती जास्त महाग पडते.

महापौर आणि राज्यपाल यांना मूर्ख ठरवून हा प्रश्न सुटणार नाही. एनएफएलचे संघ बत्तीसच. हा आकडा वाढवायचा की नाही, कोणता संघ कुठे जाऊ शकतो, हे ठरवतात संघमालकच. संघ हवा असलेली शहरे संघांपेक्षा जास्त राहतील, याची व्यवस्था पक्की आहे. १९८४ च्या मार्चमध्ये बाल्टिमोरचा कोल्ट्स संघ एका रात्रीत ट्रकमध्ये सामान भरून इंडियानापोलिसला निघून गेला. मग बाल्टिमोरने क्लीव्हलँडचा संघ ओढून आणला. ज्या शहराला जखम झाली त्यानेच पुढच्या शहराला ती दिली. एकट्या महापौराने तत्त्व पाळायचे ठरवले तर शेजारचे राज्य काय करते, हे कॅन्ससने दाखवून दिले आहे.

संघाला पैशांची अडचण असते का? बाकीच्या मालकांचे हिशेब बंद असतात, पण ग्रीन बे पॅकर्सचे दरवर्षी प्रसिद्ध होतात. त्यांच्या अलीकडच्या हिशेबांनुसार लीगच्या देशव्यापी उत्पन्नातला समान वाटा म्हणून संघाला वर्षाला ४० कोटी डॉलरहून अधिक मिळतात. तिकीट विकण्यापूर्वीच. २०२१ मध्ये झालेल्या दूरचित्रवाणी करारांची एकूण किंमत अकरा वर्षांसाठी सुमारे ११० अब्ज डॉलर सांगितली गेली.

ग्रीन बेचे नाव घेतले ते मुद्दाम. विस्कॉन्सिनमधले जेमतेम लाखभर वस्तीचे हे गाव, आणि पहिले दोन सुपर बोल त्याच्या संघाने जिंकले. १९२३ पासून हा संघ ना-नफा संस्था आहे. आज पाच लाखांहून अधिक भागधारक आहेत. लाभांश नाही, भाग बाजारात विकता येत नाही. हा संघ गाव सोडून जाईल अशी धमकी कोणी देऊ शकत नाही, कारण गावच मालक आहे. लॅम्बो फील्ड या संघाच्या स्टेडियमच्या विस्तारासाठी २००० साली ब्राउन काउंटीने अर्धा टक्का विक्रीकर सार्वमताने मान्य केला आणि काम झाल्यावर २०१५ मध्ये तो बंदही झाला. या कराला माझा विरोध नाही. लोकांनी स्वतःच्या मालकीच्या वस्तूवर, विचारून, मुदतीत खर्च केला. पण लीगच्या नियमांनी दुसऱ्या कोणत्याही संघाला अशी मालकी बंद केली आहे. सार्वजनिक पैसा चालतो, सार्वजनिक मालकी चालत नाही: काँग्रेसने खरे तर इथेच बोट ठेवायला हवे. १९६१ आणि १९६६ च्या सवलती हव्या असतील तर सामुदायिक मालकीवरची बंदी उठवा, असे तिला आजही सांगता येईल.

हा सगळा वाद आपल्यापासून फार दूरचा वाटत असेल, तर तो तसा नाही. कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा, सनीवेल, क्युपर्टिनो या पट्ट्यात हजारो मराठी कुटुंबे घरे घेऊन राहतात, त्यांच्यातले पुष्कळ जण तिथले मतदार आहेत. २०१० मध्ये सांता क्लाराच्या मतदारांनी फोर्टीनाइनर्सच्या स्टेडियमला मान्यता दिली. तिथे २०१६ आणि २०२६ असे दोन सुपर बोल झाले. स्टेडियम कोण चालवणार, हिशेब कोण तपासणार, यावरून शहर आणि संघ यांच्यात वर्षानुवर्षे वाद चालले. २०२० आणि २०२२ च्या नगरपरिषद निवडणुकांत संघाच्या मालकपक्षाने आपल्या पसंतीच्या उमेदवारांसाठी लाखो डॉलर ओतले. सव्वालाख वस्तीच्या शहराच्या परिषदेत कोण बसावे, यात एका फुटबॉल संघाला इतका रस का असावा, हे तिथल्या आपल्या लोकांनी विचारले पाहिजे. आपल्याकडे ग्रामपंचायतीपासून राजकारण चघळणारी माणसे तिकडे गेल्यावर स्थानिक मतपत्रिकेकडे अनेकदा पाहतही नाहीत, ही खंत मी मनापासून मांडतो.

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहणारा, आयुष्यात एकही फुटबॉल सामना न पाहिलेला मराठी माणूससुद्धा नॅशव्हिलसारख्या ठिकाणच्या स्टेडियमचा भार थोडाथोडा उचलत असतो. ते करमुक्त रोख्यांमुळे. शहरांनी काढलेल्या अशा रोख्यांवरच्या व्याजाला केंद्राचा आयकर लागत नाही. ही सवलत रस्ते, शाळा, पाणीपुरवठा यांसाठी होती. १९८६ च्या करसुधारणेत स्टेडियमना त्यातून वगळण्याचा प्रयत्न झाला, पण फट राहिली: कर्जफेडीतला दहा टक्क्यांपेक्षा कमी भाग स्टेडियमच्या खाजगी उत्पन्नातून होत असेल तर रोखे सार्वजनिक कामाचे मानले जातात. परिणामी शहर जितका जास्त बोजा स्वतःच्या करदात्यांवर टाकेल, तितकी ही सवलत पक्की. ब्रुकिंग्ज संस्थेच्या २०१६ च्या अभ्यासानुसार २००० पासून बांधलेल्या ३६ स्टेडियममुळे केंद्राचा ३.२ अब्ज डॉलरचा महसूल बुडाला.

ही फट बुजवण्याचा प्रस्ताव राष्ट्राध्यक्ष ओबामा यांच्या अर्थसंकल्पात २०१५ मध्ये होता. दोन वर्षांनी, रिपब्लिकन बहुमत असताना, कनिष्ठ सभागृहाने मंजूर केलेल्या करविधेयकातही ती तरतूद होती; अंतिम मसुद्यातून ती गळली. दोन्ही पक्षांनी एकेकदा हात लावलेली ही दुरुस्ती आहे, त्यामुळे तिला पक्षीय रंग देण्याचे कारण नाही. ती लागू झाली तर कॅन्सस विरुद्ध मिसुरी अशा शर्यती थांबतीलच असे नाही, पण त्या शर्यतीत केंद्राचे पैसे वापरता येणार नाहीत. राज्यांनी सीमेपलीकडचे संघ पळवण्यासाठी सवलती न देण्याचा आंतरराज्य करार करावा आणि तो मोडणाऱ्याला दंड असावा, ही दुसरी गरज. आणि कोणत्याही शहराने सुपर बोलची बोली लावण्यापूर्वी लीगची पूर्ण मागणी-यादी, खर्चाचा अंदाज आणि सामन्यानंतर वर्षभराने स्वतंत्र लेखापरीक्षण, या तीन गोष्टी जाहीर करण्याचे बंधन घातले पाहिजे. हे शेवटचे करायला केंद्राची किंवा राज्याची वाट पाहावी लागत नाही. नगरपरिषदेचा एक ठराव पुरतो.